गिअरचं तेल निथळेपर्यंत

जनूभाऊ गेल्याचं मला कुणी कळवलं नाही. कळवणार तरी कशाला? मी त्यांची ना नात्यातली, ना गावातली. एरवी मी न कळवताच जायची; या वेळी मध्ये बरेच दिवस गेले होते, म्हणून शनिवारी गिअरचं तेल बदलायला गाडी आणते, एवढंच सांगायला चांदीपला त्यांच्या घरी फोन केला, तो त्यांच्या बायकोने उचलला. "ते गेले ना, बाई," त्या म्हणाल्या. "परवा तेरावं बी झालं." मी "बरं," म्हणाले आणि फोन ठेवून दिला... एकतीस वर्षं वर्गापुढे उभी राहून बोललेली मी, आणि त्या वेळी 'बरं' याखेरीज शब्द सापडला नाही. त्याची लाज मला अजून वाटते.

जनूभाऊ मेकॅनिक होते. चांदीपला रस्त्याच्या कडेला, स्वतःच्या भातशेताच्या बांधालगत त्यांची पत्र्याची शेड, आणि मागे घर. पावसाळ्यात लावणीचे चार-सहा दिवस शेड बंद असायची, एरवी उघडी. आमची ओळख झाली ती माझ्या मूर्खपणामुळे. आमची गाडी म्हणजे ती जुनी पांढरी, स्टिअरिंगलाच गिअरचा दांडा असलेली. ह्यांनी ती घेतली तेव्हाच तिचा मीटर एकदा पुरा फिरून पुन्हा शून्यावरून निघाला होता. दोन वर्षांत हे गेले. मुलगी लग्न करून बंगळूरला. विरारच्या फ्लॅटमध्ये वर मी आणि खाली ती गाडी. टँकरच्या पाण्याचे दिवस होते ते, भांडी घासायलाही पाणी मोजून घ्यावं लागे, पण त्यातलं तांब्याभर मी गाडीसाठी काढून ठेवत असे. दीड वर्ष मी ती गाडी रोज पुसली आणि एकदाही चालू केली नाही. वापरली नाही म्हणजे झिजणार नाही, असा माझा सरळ हिशेब. शाळेत मी गणित शिकवत होते, हे इथे सांगायला नको होतं.

शेवटी विकून टाकावी म्हटलं. सोसायटीतल्या एकांनी सांगितलं, आधी जनूभाऊंना दाखवा. ते बॅटरी घेऊन आले, तासभर खटपट करून गाडी चालू केली आणि मला शेजारी बसवून चांदीपला घेऊन गेले. वाटेत एकच वाक्य बोलले. "बाई, गाडी चालून नाय मरत, हुबी राहून मरते." मला ते लागलं. पण परक्या माणसाशी वाद कुठे घालायचा?

शेडमध्ये त्यांनी गिअरबॉक्सचा खालचा नट सोडला आणि घमेल्यात जे पडलं त्यात चक्क लाकडाचा भुसा होता. झिजलेले गिअर आवाज करायला लागले की काही विकणारे तेलात भुसा घालतात. आवाज दबतो आणि घेणारा फसतो. म्हणजे ह्यांना कुणीतरी व्यवस्थित टोपी घातली होती. आयुष्यभर कोथिंबिरीची जुडी चार वेळा उलटीपालटी करून घेणारा माणूस, आणि भुसा भरलेली गाडी पेढे वाटत घरी घेऊन आला. मला हसू फुटलं. हे गेल्यापासून पहिल्यांदा, आणि तेही अनोळखी माणसासमोर. हसता हसता त्याचं रडू कधी झालं ते मला कळलं नाही. जनूभाऊंनी मान वर केली नाही. फडक्याने तो नट पुसत राहिले, पुष्कळ वेळ. मग म्हणाले, "भुसा काढला तर गिअर आवाज करनार. तसाच ठेवला तर गप बसतील, पन आतून जातील. इकायची असंल तर ठेवू."

"काढा," मी म्हटलं. गाडी विकायचं राहूनच गेलं. मी ड्रायव्हिंग शिकले, वयाच्या सत्तेचाळिसाव्या वर्षी. गिअर आवाज करायचे. करेनात का.

जुन्या गाडीच्या गिअरच्या तेलाला हात लावू नये असं पुष्कळ जण सांगतात. जुन्या तेलातल्या गाळावरच ती टिकून असते म्हणे. जनूभाऊंना हे पटत नसे. तेल बदलायचंच, पण घाई करायची नाही. गाडी चालवत आणायची, म्हणजे तेल गरम असतं आणि तळाची घाण घेऊन उतरतं. मग नट काढला की शेवटचा थेंब तुटेपर्यंत हात लावायचा नाही. आमच्या विरारला दहा मिनिटांत तेल बदलून देणारे होते. चांदीपला दोन तास लागत. इंजिनच्या तेलाला, ग्रीसिंगला, ब्रेकलासुद्धा त्यांचा असाच निवांत कारभार. शनिवारी माझी शाळा अर्धा दिवस असे, म्हणून मी शनिवारी जायची. तेल निथळत असायचं, मी स्टुलावर, ते पाटावर. त्यांची बायको, म्हणजे वहिनी, चहा ठेवून आत जायच्या. बोलणं काय, तर कुठला बांध कुठल्या बिल्डरने घेतला, वाड्याचं भात बरं की इथलं, मुलगी फोन करते का. निथळलेलं तेल ते अंगठा आणि बोटात चोळून बघत, वास घेत, आणि दर वेळी म्हणत, "अजून चाललं असतं तसं." तेव्हा नट कधीच निघालेला असायचा.

खरी अडचण किलोमीटरची होती. इंजिनचं तेल पाच हजाराला, गिअरचं वीस हजाराला, हा त्यांचा नियम. माझी शाळा घरापासून दहा मिनिटांच्या चालीवर. पाच हजार व्हायचे कधी? मग मी उगाच अर्नाळ्याला जायला लागले. समुद्राकडे तोंड करून गाडी उभी करायची, वाळत घातलेल्या बोंबलांच्या वासात पंधरा मिनिटं बसायचं, आणि परत. घरी येऊन वहीत आकडा लिहायचा. हे मी कुणालाही सांगितलेलं नाही, मुलीलाही नाही. जनूभाऊंनी चाकाच्या वाटीत वाळू पाहिली असणार. विचारलं मात्र कधी नाही. उलट एकदा म्हणाले, "जुनी गाडी हाय. हिला गिअरचं तेल धा हजाराला बदलत जाऊ." आणखी तीन वर्षांनी ते पाचावर आले. असं कुठल्याच पुस्तकात नाही, हे मलाही कळत होतं. मी मान डोलावली.

तुम्ही म्हणाल, सरळ जाऊन बसायचं की. कशी जाणार? नवरा गेलेली बाई, शाळेची बाई, मेकॅनिकच्या शेडमध्ये काय करते? एकदा न राहवून काही काम नसताना गेले. नाक्यापाशी गाडी थांबवून कारण शोधलं आणि सांगितलं, ब्रेक कडक लागतायत. भल्या माणसाने चारही चाकं उतरवली. दीड तास एकेक ड्रम गंभीरपणे तपासला. "बरं झालं आनलीत," म्हणाले. ब्रेकला काहीही झालेलं नव्हतं, हे आम्हा दोघांनाही ठाऊक होतं. पण खोटं बोलल्याचं मला इतकं ओशाळं वाटलं की पुन्हा तसं गेले नाही. आकडा भरला तरच जायचं, हे ठरवून टाकलं. निवृत्त झाल्यावरही तेच. आता सगळेच वार मोकळे होते, तरी मी शनिवारचीच वाट पाहत असे. बरेचसे शनिवार आकडा भरत नसे. मग मी खिडकीत बसून खाली गाडीकडे बघायची आणि संध्याकाळ करायची. एकटेपणाची सवय होते म्हणतात. मला तेरा वर्षांत झाली नाही.

गेल्या शनिवारी गेले. तेल बदलायला कुणी नव्हतं हे माहीत असून गेले. शेडला कुलूप होतं. वहिनी अंगणात पावट्याच्या शेंगा सोलत बसल्या होत्या. गाडीचा आवाज ऐकून उठल्या, पदराला हात पुसत पुढे आल्या.

"गाडीला काय झालं, बाई? आता हितं बघायला कोन नाय."

"गाडीला काही झालेलं नाही," मी म्हटलं. "मी अशीच आले."

इतक्या वर्षांत हे वाक्य मी त्या अंगणात पहिल्यांदा बोलले. त्यांनी चहा ठेवला. या वेळी आत गेल्या नाहीत, समोर बसल्या. बराच वेळ आम्ही दोघी शेंगा सोलत होतो. मग त्या म्हणाल्या, "शनवारी दुपारी ते दुसरी गाडी घेत नवते. लोकं रागवायची. कधी तुमी यायच्या, कधी नाय यायच्या. ते आपले पाट टाकून बसायचे."

आकडा भरला नाही म्हणून खिडकीत घालवलेली ती प्रत्येक दुपार... आठ-नऊ किलोमीटरवर ते बसलेले होते.

निघताना म्हटलं, "पुढच्या शनिवारी येते." कशाला, असं वहिनींनी विचारलं नाही.