सिस्टरची फेरी
बाळंतिणींच्या वॉर्डात तीस वर्षं काढून सिस्टर निवृत्त झाली आणि आठवड्यातच तिला घर खायला उठलं. नवरा कधीच गेलेला. घरात ती आणि थोरली नणंद, दोघीच. कपाटं तीनदा आवरून झाल्यावर नणंद वैतागली. "अगं, पायाला भिंगरी लागलीय का तुझ्या? काहीतरी पाळ बाई, नाहीतर मला वेड लागेल."

सिस्टरने टर्कीची चाळीस पिल्लं मागवली, एका दिवसाची.

मागच्या खोलीत तिने पुठ्ठ्याचं गोल कडं उभं केलं. कोपरा मिळाला की पिल्लं तिथे एकमेकांवर चढून चेंगरतात, असं पिल्लंवाल्याने बजावलं होतं. खाली लाकडाचा भुसा, वर साखळीला टांगलेला उबेचा दिवा. पण टर्कीचं पिल्लू म्हणजे अकलेचा आनंदच; दाण्यांत उभं राहून उपाशी मरेल. तिने एकेकाची चोच पाण्यात बुडवली, भांड्यात रंगीत गोट्या टाकल्या. चकाकतंय म्हणून पिल्लं टोचायला लागली, तेव्हा कुठे तिने चहा घेतला. तोही अर्धाच.

कारण पिल्लं दिव्याखाली गोळा होऊन नुसती केकाटत होती. सिस्टर दर दहा मिनिटांनी आत जाई. दिवा खाली घे, पुन्हा वर कर, थर्मामीटर बघ. तिसऱ्या दिवशी तीन पिल्लं ताठ पडलेली सापडली. चौथ्या दिवशी दुपारपर्यंत आणखी दोन.

तिने पिल्लंवाल्याला फोन लावला. "दिवा बरोबर आहे हो तुमचा," तो म्हणाला. "कुठूनतरी वारा लागतोय. शोधा."

तिने खिडकीच्या फटींत चिंध्या कोंबल्या. नणंद खोलीबाहेरच्या बोळात मटार सोलत बसली होती.

"तू आत गेलीस की माझ्या पायांना गार लागतं," ती म्हणाली. "परसाचं दार कायम उघडं, त्यात तू हे उघडतेस. वारा थेट आत."

सिस्टरचा चेहरा उतरला. "म्हणजे मीच मारली, वन्सं?"

"तसं नाही गं. पण तासभर इथे बसून तर बघ."

परसाचं दार लावून सिस्टर बसली. दोनदा उठली, दोनदा नणंदेने "बस" म्हटलं. मटार सोलताना तिच्या हातून दाणे कमी आणि सालंच जास्त पातेल्यात पडत होती. आतला कलकलाट हळूहळू उतरला, मग थांबलाच. त्या शांततेने ती जास्तच घाबरली.

"वन्सं, सगळी गेली!"

तास भरल्यावर तिने दार उघडलं. पिल्लं भुशावर पाय ताणून, ऐसपैस पसरून झोपली होती. एक तेवढं गोट्या टोचत होतं.

बाहेर येऊन तिने दार अलगद लावून घेतलं. मग म्हणाली, "वॉर्डात किती बायांना झोपेतून उठवलं असेल हो मी? नुसतं 'बरं वाटतंय ना' विचारायला?"

"ते त्यांना विचार," नणंद म्हणाली. "आधी ती सालं काढ."

त्यानंतर सिस्टर दिवसातून चारदाच आत जाऊ लागली; मधला वेळ बोळात येरझाऱ्या. आणखी एक पिल्लू दगावलं, का ते कळलं नाही. चौतीस मात्र अंगावर पिसं धरून परसात आली.