थांबण्याचा धातू

नवऱ्याच्या हृदयात स्टेंट बसला तेव्हा धंतोलीतल्या दवाखान्याच्या बाकावर मी पाच दिवस काढले आणि तिथेच मोबाईलवर हिब्रू शिकायला लागले. लोक हसले. पण मी शाळेत जन्मभर संस्कृतचे धातू शिकवले आहेत. हिब्रूतही तीन व्यंजनांच्या मुळातून शब्दांचं अख्खं कुटुंब निघतं म्हटल्यावर मला राहवेना. तिकडे भाकरी आणि लढाई या दोन शब्दांत तीच तीन व्यंजनं आहेत. त्यांचं खरंच नातं आहे का, यावर पंडितांचं एकमत नाही. मला विचारलं असतं तर मी एका मिनिटात निकाल दिला असता.

डॉक्टरांनी बजावलं होतं, आठवड्यातून एक दिवस पूर्ण आराम, नाहीतर पुन्हा इथेच याल. लकडगंजात आमची लाकडं कापायची आरा मशीन आहे. तिसऱ्याच आठवड्यात नवरोबा सातही दिवस तिथे हजर. सुट्टीच्या दिवशी अर्धं शटर उघडून आत बसायचे. मी रागावले, रडले, लेकीला फोनवरून रागवायला लावलं. उपयोग शून्य.

शेवटी मी हिब्रू काढली. शब्बात, म्हणजे ज्यू लोकांचा सुट्टीचा शनिवार, हा श-ब-त या फार जुन्या मुळातून आला आहे. "मुळात त्याचा अर्थ आराम नाही," मी सांगितलं. "थांबणे. शुक्रवारी दिवस मावळला की हातातलं काम सोडायचं, ते शनिवारी मावळेपर्यंत."

"अन् गिऱ्हाईक आलं तर?"

"त्याले सांगा, थांबून राहिलो."

हे त्यांना कसं कोण जाणे पटलं. पहिल्याच शनिवारी ते असे थांबले की पाण्याचा पेलाही उचलेनात. "पाणी दे वं. मी थांबून राहिलो ना!" चहा, पोहे, पुन्हा चहा, चष्मा, चार्जर. शब्बातला विस्तव पेटवायचा नाही, हा नियम तर त्यांना फारच आवडला, कारण गॅस मीच पेटवत होते. मी चिडून म्हटलं, जुन्या नियमात सुट्टी सगळ्यांनाच आहे. आणि यादी वाचायला घेतली. मुलगा, मुलगी, नोकर, मोलकरीण, बैल, गाढव, गावात राहणारा परका माणूस. बायको नव्हती. मी दोनदा पाहिलं.

"पाह्य," ते खूश होऊन म्हणाले, "गाढवाले सुट्टी हाय. तुले नाही."

आठवडाभर माझं डोकं तापलेलं होतं. मग पुढच्या धड्यात देव पावला. त्याच श-ब-तपासून आजच्या हिब्रूत आणखी एक शब्द झाला आहे, 'श्विता', तिथे ब चा व होतो. म्हणजे संप.

शनिवारी सकाळी मी दिवाणावर आडवी झाले आणि संप जाहीर केला.

"काहून?"

"मूळ एकच आहे. मीही थांबून राहिले."

अर्धा तास वाट पाहून ते उठले. स्वयंपाकघरात डबे आपटले. लग्नाला इतकी वर्षं झाली, तरी चहापत्ती कुठे असते हे त्यांना ठाऊक नव्हतं. मी सांगितलं नाही. शेवटी काळाकुट्ट चहा घेऊन आले, तर चेहरा चक्क खुललेला.

"बरं वाटलं," म्हणाले. "हात चालू राहिले." मग कपात बघत हळूच म्हणाले, "रिकामा बसलो का छातीतलं ऐकू येते वं. आता बंद होते का, मंग बंद होते का, तेच ऐकत राह्यतो. मशीनच्या आवाजात ऐकू येत नाही."

आणि या माणसाला मी थांबणे म्हणजे काय ते मुळासकट समजावून दिवसभर बसवून ठेवलं होतं. मला माझीच लाज वाटली.

संप मोडून उठले. त्यांना दिवाणावर झोपवलं आणि छातीला कान लावला.

"चालू हाय?"

"आहे."

"पक्कं?"

"पक्कं. तुम्ही झोपा. मी ऐकून राहिले."

दहा मिनिटांत ते असे घोरायला लागले की मलाच काही ऐकू येईना.