खो-खोच्या बाईंचा गुडघा

प्रमिलाबाई औरादकर हैदराबादेत जामबागच्या एका शाळेत जन्मभर खो-खो शिकवत होत्या. मराठीच्या त्रिवेणीबाई अंगानं भरलेल्या. त्या गुडघे धरून जिना चढू लागल्या की प्रमिलाबाई सगळ्यांदेखत म्हणायच्या, "हलत नाही ना तुम्ही, म्हणून दुखतंय!"

निवृत्तीनंतर प्रमिलाबाईंचाच उजवा गुडघा कुरकुरू लागला. गुपचूप त्या कोठी भागातल्या दवाखान्यात गेल्या, तर बाकावर नेमक्या त्रिवेणीबाई!

डॉक्टरांनी एक्स-रे पाहिला. "सांध्याची झीज आहे, अम्मा. साठीनंतर पुष्कळांना होते, बायकांना जास्त. वजनानं होते, आईवडिलांकडूनही येते. तुमचं वजन तर ठीक आहे. गुडघ्याला कधी मार लागला होता?"

"हौ, फायनलला. गुडघा पिरगळला, तरी खेळले. सुवर्णपदक मिळालं!" बाई ताठ बसून म्हणाल्या.

"त्या माराचाही हात असणार यात."

बाहेर त्रिवेणीबाईंनी विचारलं, "काय म्हणाले?"

प्रमिलाबाईंना खोटं बोलवेना. "म्हणाले, मार लागला तरी खेळलात, म्हणूनही दुखतंय."

त्रिवेणीबाई हसल्या नाहीत. सरकून त्यांनी बाकावर जागा दिली. डॉक्टरांनी दोघींनाही रोज चालायला सांगितलं होतं. आता सकाळी दोघी नारायणगुड्यात बरोबर चालतात, आणि प्रमिलाबाईच मधेमधे म्हणतात, "जरा हळू हो, त्रिवेणीबाई."