भंडाऱ्यावरचा अंगठा

मी मूळचा वाईचा, मास्तरकीच्या नोकरीपायी जत तालुक्यात येऊन पडलेला. माझ्या शेजारचा सातवीचा वर्ग मायाबाईंचा. धनगराघरची बाई, बोलणं कमी, हट्ट मोठा. महिन्यातून एकदा त्या शाळेत खोटी चोरी घडवायच्या आणि पोरांना चोर शोधायला लावायच्या. पावलांची मापं, बोटांचे ठसे, पेन्सिलीच्या शिशाची पूड, चिकटपट्टी. मला तो सगळा पोरखेळ वाटायचा.

हेडमास्तर आप्पासो तर वैतागलेच होते. "पोरांना चोऱ्या शिकवताय, बाई. शनिवारी केंद्रप्रमुख येतायत. त्यांच्यासमोर पुराव्यानं चोर सापडला तर ठीक, नाहीतर हे खूळ बंद."

"सापडंल, सर," एवढंच त्या म्हणाल्या.

शनिवारी केंद्रप्रमुखांनी गुपचूप चिठ्ठी काढली. चोर मी. व्हरांड्यातल्या पुस्तकांच्या काळ्या लोखंडी पेटीतून मी शाळेची हातघंटा लांबवली आणि पेटीसमोरच्या धुळीत मुद्दाम पावलं उमटवली. संशयित तिघं : आप्पासो, मी आणि खिचडी शिजवणाऱ्या बयाबाई.

पण साहेब आलेत म्हटल्यावर बयाबाईंना राहवतंय होय! त्यांनी व्हरांडा झाडून पाणी शिंपडलं. पावलं गेली. पोरांनी पेटीवर शिशाची पूड टाकली, तर काळ्यावर काळं काही दिसेना. आप्पासो घड्याळाकडे बघायला लागले.

तेवढ्यात वर्गातली प्रांजल समोरच्या बिरोबाच्या देवळातून मूठभर हळदीचा भंडारा घेऊन आली. "बाई, तिघांनी भंडारा उचलून शपथ घ्यायची. चोर घाबरंल."

गावात चोरीचा निवाडा असाच होतो. आप्पासोंनीसुद्धा मान डोलावली.

मी चोर, पण निगरगट्टासारखा हात पुढे केला. बयाबाईंचे हात मात्र लटलटा कापायला लागले. देवाचं नाव निघालं की त्या माउलीचं असंच होतं. पोरं ओरडली, "मावशीच चोर!" मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"गप बसा!" मायाबाई कडाडल्या. "इहिरीची मोटार गेली तवा माज्या बापानं भंडारा उचलला. त्याचाबी हात असाच कापला. तेवढ्यावर गावानं त्याला चोर ठरवलं. वीस वर्सं झाली. हात कापणं हा पुरावा न्हाई!"

बाईंनी प्रांजलच्या हातातला तो पिवळाधमक भंडारा घेतला, कपाळाला लावला आणि मऊ ब्रशनं पेटीच्या झाकणावर हलकेच फिरवला. काळ्या पत्र्यावर पिवळा अंगठा उमटला.

पोरांनी तो चिकटपट्टीवर उचलला. आम्हा तिघांचे शाईचे ठसे घेतले. प्रांजल भिंग घेऊन पंधरा मिनिटं एकेक रेघ बघत होती. साहेबांनी घाई केली तरी ती हलली नाही. मग माझ्यासमोर येऊन उभी राहिली.

"सर, तुमी."

मी घंटा काढून दिली. प्रांजल ती घ्यायच्या आधी बयाबाईंकडे गेली. "मावशी, चुकलं आमचं."

आप्पासो खाकरले आणि म्हणाले, "पुढच्या महिन्यात चोर मी होणार."

संध्याकाळी मी मायाबाईंच्या घरी चहाला थांबलो. त्यांचे वडील तानाजी बाजेवर बसले होते. बाईंनी सगळं सांगितलं. म्हातारा चिकटपट्टीवरचा पिवळा अंगठा बराच वेळ निरखत राहिला.

"माया, त्या टायमाला मोटारीच्या पेटीवर असं कुणी बघिटलं असतं तर?"

त्यानं दोन्ही हात लेकीपुढे धरले. हात आताही कापत होते.

"माजंबी ठसं घे. असूदे तुज्यापाशी."

मायाबाईंनी पिशवीतून शाईचं पॅड काढलं आणि दहाही बोटांचे ठसे घेतले.