मोठ्या आईचं आत्मकथन, पोह्यांसकट

आमच्या घरात पदवी घेतलेली मी पहिली. त्यामुळे मी नेमकं काय शिकते हे घरच्यांना समजावणं, हे माझं दुसरं शिक्षण होऊन बसलं. बी.ए.पर्यंत सोपं होतं. "मराठी शिकून राह्यली" म्हटलं की माझे थोरले काका, मोठे बाबा, म्हणायचे, "मराठी त तुले येतेच, मंग शिकतं काय?" आणि विषय संपायचा. पीएच.डी.साठी मी आत्मकथनं निवडली तेव्हा मात्र पंचाईत झाली. माणसं स्वतःचं आयुष्य कसं सांगतात, याचा अभ्यास. मोठी आई, म्हणजे माझ्या वडिलांच्या थोरल्या भावाची बायको, जिच्या हातचं खाऊन मी आमच्या गावी, रोहण्यात वाढले, ती हातातली लसूण तशीच धरून म्हणाली, "लोकाच्या घरच्या गोष्टी ऐकल्या का डॉक्टर होते? मले काऊन नाई सांगतलं पह्यले? मी त इतके वर्षं फुकटात ऐकून राह्यली!"

मला मात्र या विषयाचं वेड लागलं होतं. नागपूरच्या विद्यापीठात आमच्या मॅडमनी पहिल्याच तासाला सांगितलं होतं की आयुष्य जसं घडलं तसं कोणी सांगत नाही. सांगणारा कुणाला तरी सांगतो, आणि हाताशी जो साचा असेल त्यात ओतून सांगतो. कोणी संकटातून वर आल्याची कथा करतो, कोणी देवानं तारल्याची, कोणी कोर्टात साक्ष दिल्यासारखा बोलतो. "आधी साचा ओळखा," मॅडम म्हणाल्या. साचा या शब्दाखाली मी इतक्या रेघा मारल्या की पान फाटलं. जिल्हा परिषदेच्या शाळेतून आलेल्या मुलीशी कोणी इतक्या गंभीरपणे माणसांच्या बोलण्याबद्दल बोलतंय, याचाच मला आनंद व्हायचा. तास संपला की मी जिना उड्या मारत उतरायची. आजही त्या मॅडमचं नाव मनात घेतलं की हात आपोआप जोडले जातात.

तर, विषय समितीपुढे मांडायचा होता. मी मांडणार होते की आमच्याकडच्या ज्या बायकांनी कधी काही लिहिलं नाही, त्यांची आयुष्यं त्यांच्याच तोंडून घ्यावीत. मॅडमना पटलं, पण त्यांनी बजावलं, "समिती नुसतं म्हणणं ऐकणार नाही. एक तरी बाई स्वतःबद्दल, सलग, 'मी' म्हणून बोलली आहे असं ध्वनिमुद्रण सोमवारी ऐकवता आलं पाहिजे. नाहीतर विभागात एक विषय पडून आहे, तो घ्यावा लागेल." पडून असलेला विषय होता, आत्मचरित्रांच्या प्रस्तावनांचा अभ्यास. फक्त प्रस्तावनांचा. पुस्तक सुरू झालं की थांबायचं. पाच वर्षं! मला तर त्या कल्पनेनंच जेवण जाईना.

मी मोठ्या आईला फोन केला. आनंदाच्या भरात भराभरा सांगितलं, "रविवारी येतो मी. तुले तुह्याबद्दल प्रश्न इचारीन. सगळं नीट सांगजो, लाजजो नको. मंग नागपूरचे मोठे लोक ऐकतीन अन् ठरवतीन."

"कोण कोण येऊन राह्यले?"

"मी एकटीच."

"बरं बापा," ती म्हणाली. जरा नाराज वाटली.

रविवारी मी पोचले तर ओसरी सारवलेली. मोठ्या आईनं लग्नाकार्यातलं जांभळं पातळ नेसलेलं, चेहऱ्यावर पावडर, डोक्यावरून पदर. मी फोन कणकीच्या डब्याला टेकवून उभा केला, तर तिनं आत जाऊन पोह्यांच्या दोन बशा आणल्या. एक मला दिली. दुसरी फोनसमोर ठेवली.

"हे कोणाले?"

"त्या मोठ्या लोकाईले."

मला वाटलं, गंमत करतेय. ती चटईवर बसली, नजर पायाच्या अंगठ्याकडे. मी पहिला प्रश्न विचारला, तोही मोठ्या तयारीनं आणलेला, मोकळा, कुठंही जाऊ देणारा. "मोठी आई, तुह्याबद्दल सांग."

"शिक्षण सातवी," ती खालच्या आवाजात म्हणाली. "स्वयंपाक येते. पुरणपोळी येते. शिलाई येते. वावरातलं निंदण, वेचणी, सगळं येते. भाऊ तीन, बहीण मी एकटीच."

"अन् मंग?"

"उंची अंगासारखी हाय."

मी पाहतच राहिले. "आणखी काही सांग ना."

ती उठली, पदर सावरला आणि म्हणाली, "चालून दाखवू?"

तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला. प्रश्न विचारायला येणार, लाजू नको, मोठे लोक ठरवतील! मी तिच्या 'पाहण्याचा' कार्यक्रम ठरवून आले होते. हसावं की काय करावं कळेना, आणि हसता हसताच लक्षात आलं की तिची यात काही चूक नव्हती. जन्मात एकदाच तिला कोणी समोर बसवून 'तुझ्याबद्दल सांग' म्हटलं होतं. तिच्याजवळ तेवढा एकच साचा होता. मॅडमचं वाक्य वहीत लिहिताना ते असं पावडर लावून समोर येऊन बसेल, हे कुठं माहीत होतं!

पण आनंद वेगळा आणि सोमवार वेगळा. पुन्हा विचारलं. बालपण विचारलं, "चांगलं होतं" म्हणाली. लग्न विचारलं, "झालं" म्हणाली. मला डोळ्यांपुढे प्रस्तावनांचे ढीग दिसू लागले. शेवटी मॅडमनी आखून दिलेला एकच प्रश्न उरला. मुलाखत संपवताना सांगणाऱ्यालाही विचारायची संधी द्यायची, असा आमच्या अभ्यासाचा रिवाज आहे. मी उपचार म्हणून म्हटलं, "तुले काही इचाराचं हाय का?"

तिनं अंगठ्यावरची नजर वर केली. "मले? मी इचारू शकतो?"

"हो."

"कोणालेबी?"

"हो ना."

डोक्यावरचा पदर खांद्यावर आला. "अहो! इकडे या जी!"

मोठे बाबा अंगणात फवारणीचा पंप उघडून बसले होते. हात पुसत आले. "काय झालं?"

"बसा. खाली पाहा. शिक्षण किती?"

"पागल झाली का तू?"

"पोरगी विद्यापीठातून आली, उत्तर द्या. स्वयंपाक येते का?"

"चहा येते."

"प्याले येते, कराले नाई येत! मोठ्यानं बोला, तोतरे त नाई ना? सुई ओवून दाखवा."

"चश्मा कुठी हाय माह्या?"

"चश्मा लागते म्हणजे डोये कमजोर! लिहून घे वं पोरी." मी कशाला लिहिते, मी पोट धरून भिंतीला टेकले होते. "उठा. चालून दाखवा जी."

आणि मोठे बाबा, ज्यांना गावात सगळे वचकून असतात, ते मान खाली घालून ओसरीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत चालले. परत येताना त्यांनी उपरण्याचा पदर डोक्यावर घेतला. मोठी आई हसून हसून चटईवर आडवी झाली. शेजारची काकू भिंतीवरून डोकावून म्हणाली, "काय चाललं वं?" तर मोठे बाबाच ओरडले, "मले पाहाले आले!"

"पोरगा काही वाईट नाई," मोठी आई डोळे पुसत म्हणाली, "पण पाय जरा फेंगडे हायेत. मले तवाच मालूम होतं. तुमी आलते ना पाहाले, मान वर कराची नाई म्हणून मायनं सांगतलं होतं. तुमचं तोंड मी पाह्यलंच नाई. पायच पाह्यले. एका चपलीले तार बांधेल होती. मांडवात मी तारीवरून ओळखलं का हाच तो."

मोठे बाबा खाली बसले. "तार होती खरी," ते म्हणाले.

मग ती बोलतच गेली. ओसरीवरचं ऊन सरकलं, पोहे गार झाले, मी फोनला हातसुद्धा लावला नाही. मी अशी होतो, मी तशी होतो. सगळे बाजाराला गेले की दिराची सायकल काढून मागच्या गल्लीत शिकली ते. आणि दाढ दाखवायला पुलगावला गेली होती, तर दवाखाना बंद. समोरच्या स्टेशनात गाडी उभी. "मले वाटलं, खिडकीजवळ बसून त पाहू. वर्ध्याचं तिकीट काढलं. वर्धा आलं. मी उतरलीच नाई!"

"मंग?" मोठे बाबा.

"मंग काय, तिकीट वाढवून घेतलं अन् सीधी नागपूर. ठेसनावर बसून एक संत्रा खाल्ला, सगळे लोक पाह्यले, अन् दुसऱ्या गाडीनं वापस."

"अन् दाढ?"

"दाढ राह्यली दुखत."

"हे तू मले कधी नाई सांगतलं!"

"तुमी इचारलं कधी?"

मोठ्या बाबांनी फोनसमोरची पोह्यांची बशी उचलली आणि खायला लागले. थोड्या वेळानं म्हणाले, "सायकलीचं पुन्हा सांग."

सोमवारी समितीपुढे मी ध्वनिमुद्रण सुरू केलं. पदर, सुई, चालणं. मॅडम ओठ दाबून बसल्या होत्या. बाहेरून आलेले तज्ज्ञ, गंभीर चेहऱ्याचे, मधेच म्हणाले, "हे आत्मकथन आहे की नवऱ्याची परीक्षा? निवेदक कोण आहे यात?"

मी उभी राहिले आणि म्हणाले, "सर, तिला विचारायला मिळालं, तेव्हा ती सांगणारी झाली. माझ्या सगळ्या प्रश्नांना तिनं उत्तरं दिली, पण बोलली नाही. माझा विषय एवढाच आहे, सर."

त्यांनी हातानं खूण केली, चालू द्या. गाडी पुलगावहून निघाली. वर्धा आलं. "मी उतरलीच नाई," मोठी आई म्हणाली, आणि मला दिलेला वेळ संपल्यामुळे मी फोन बंद केला.

तज्ज्ञ पुढे वाकले. "अहो, पण बाई उतरल्या कुठे?"

"सर," मी म्हणाले, आणि हे धाडस माझ्यात कुठून आलं देव जाणे, "ते चौथ्या प्रकरणात येईल."

सगळ्यात मोठ्यानं तेच हसले. विषय मान्य झाला. मॅडमनी माझ्या पाठीवर हात ठेवला आणि मी वाकून त्यांच्या पाया पडले, तर त्या म्हणाल्या, "अगं, मान वर!"

फाटकाबाहेर येऊन मी फोन लावला. पहिल्या घंटेलाच उचलला.

"काय म्हणे ते लोक? पसंत हाय का?" मोठी आई.

"पसंत हाय!"

मागून मोठे बाबा ओरडले, "कोण, मी का ती?" आणि दोघंही हसायला लागले. मग तिनं आवाज हळू केला. "तुले त नाई ना चालून दाखवाले लावलं?"

"नाई वं," मी म्हणाले. पण तोवर मी चालतच होते, भर रस्त्यात, हात हलवत, फेंगडे पाय टाकत, आमच्या घराण्याची चाल. संत्र्यांचा गाडीवाला मला पाहून हसला. मी मान खाली घातली नाही. दोन संत्री घेतली आणि स्टेशनाची वाट धरली.