ठिगळबाईंच्या बाहुल्या

ठिगळबाई माणसाच्या तोंडाकडे नंतर बघायच्या, आधी त्याच्या कपड्यांकडे. शाळेत नवे हेडसर रुजू झाले तेव्हा सगळ्यांनी त्यांना गुलाबाचं फूल दिलं. बाईंनी मात्र त्यांच्या निळ्या रेघांच्या सदऱ्याची विरलेली कॉलर चिमटीत धरली आणि विचारलं, "सर, हा कधी टाकणार हाय? टाकाल तवा मला द्या." सर लालबुंद झाले. पण सदरा दिला त्यांनी. वर्षभराने तोच सदरा घातलेला एक बाहुला चौथीच्या वर्गात पाढे चुकत होता आणि पोरं त्याला ओरडून बरोबर उत्तर सांगत होती.

बाई आमच्या नाशिकच्या शाळेत शिवण शिकवायच्या. मखमलाबादकडच्या मळ्यातल्या. घरची भाजी बाजारात पोचवून मग शाळेत यायच्या, त्यामुळे त्यांच्या कापडाच्या पिशवीलाही कोथिंबिरीचा वास यायचा. पिशवीत सगळे जुने कपडे, म्हणून नाव ठिगळबाई. नवं कापड त्या बाहुलीला लावू द्यायच्या नाहीत. म्हणायच्या, "नवं कापड कुणाचं ऐकत नाय. धुऊन धुऊन मऊ झालं की मग ते हाताबरोबर हलतं."

नव्वदीच्या सुरुवातीला मी त्या शाळेत शिक्षिका म्हणून लागले आणि त्यांच्याकडून हातात घालायच्या बाहुल्या करायला शिकले. शिकले म्हणजे काय, बोलणी खाल्ली. कागद भिजवून कुटायचा, मेथीची पूड आणि डिंक घालून लगदा मळायचा, मातीच्या गोळ्यावर थापून डोकं घडवायचं आणि ते सावलीत वाळवायचं. मी घाईने उन्हात ठेवलं आणि कपाळाला तडा गेला. "आता तू बस उन्हात, मग कळंल त्याला काय झालं ते," असं म्हणून त्यांनी मला खरंच पटांगणात बसवलं. मी बी.एड. झालेली बाई, आणि खिडकीतून चौथी ब बघतेय! त्या पाच मिनिटांबद्दल मी त्यांना आजही माफ केलेलं नाही.

पण खरी चिडले ते राणीच्या बाहुलीच्या वेळी. येवल्याच्या आत्याने पैठणीचा एक उरलेला तुकडा दिला होता. त्याचा मी राणीला घोळदार पोशाख शिवला, बाह्यांना जरीचा काठ लावला. सगळी शाळा बघायला आली. बाईंनी एवढंच म्हटलं, "हिला डोळे पुसून दाखव."

ही त्यांची परीक्षा होती. बाहुलीला नमस्कार करता आला पाहिजे, शेंगदाणा उचलता आला पाहिजे आणि स्वतःचे डोळे पुसता आले पाहिजेत. माझ्या राणीचे हात छातीपाशीच अडले. बाईंनी कात्री घेतली आणि सगळ्यांसमोर दोन्ही बाह्या टराटरा उसवल्या. मी संतापाने रडायलाच लागले. त्या म्हणाल्या, "तुला रडता येतंय. हिला येत नाय. मग हिनं करायचं काय?"

आठ दिवस मी त्यांच्याशी बोलले नाही. नवव्या दिवशी राणी माझ्या टेबलावर होती. अंगात जुन्या धोतराचा झगा, बगलेत चौकोनी तुकडा घालून मोकळे केलेले हात, आणि माझी पैठणी डोक्यावरून पदरासारखी मागे सोडलेली. मी हात आत घातला. राणीने डोळे पुसले. मला बाईंचा इतका राग आला, कारण त्यांचंच बरोबर होतं.

बाई निवृत्त झाल्या तेव्हा शाल-नारळ झालं, भाषणं झाली आणि त्यांच्या साऱ्या बाहुल्या, माझ्या राणीसकट, ऑफिसातल्या काचेच्या कपाटात गेल्या. पुढे शाळेच्या रौप्यमहोत्सवासाठी त्याच हेडसरांनी त्या सजवून घेतल्या. जुन्या कपड्यांवरून चकचकीत साटिन चढवलं, टिकल्या चिकटवल्या. उभ्या राहाव्यात म्हणून पोटात कापूस ठासून खालून शिवून टाकल्या. मी बघत होते. मी काहीही बोलले नाही.

महोत्सवाला बाई आल्या. थकल्या होत्या, नातीचा हात धरून कपाटापाशी गेल्या. कोणीतरी कौतुकाने दार उघडलं. बाईंनी राणी उचलली, खालून हात घालायला गेल्या, तर हात शिरेना. दोनदा चाचपलं त्यांनी. मग माझ्याकडे बघून म्हणाल्या, "अगं, हिथं तर माझ्या हाताची जागा होती." तेवढ्यात हेडसर धावत आले. "बाई, प्लीज हात लावू नका, खराब होतील."

हात लावू नका! ज्या बाईने त्या बाहुल्यांची डोकी थापली, बोटं शिवली, तिला? मी तेव्हाही गप्प उभी होते, हातात पाहुण्यांच्या पेढ्यांचं तबक धरून. हेडसरांवरचा राग कधीतरी निवेल. स्वतःवरचा निवत नाही.

त्याच वर्षी बाई गेल्या. शाळेने शोकसभा ठेवली आणि फोटोशेजारी शोभा म्हणून बाहुल्या मांडल्या. मला चार शब्द बोलायला सांगितलं होतं. मी उठले, पर्समधून कात्री काढली आणि आधी राणीची खालची शिवण उसवली. कापूस ओढून बाहेर टाकला. साटिन फाडलं. खाली धोतराचा झगा जसाच्या तसा होता.

"अहो मॅडम, शोकसभा आहे," हेडसर कुजबुजले. "हात लावू नका त्यांना."

"हात लावायलाच केल्या होत्या," मी मोठ्याने म्हटलं आणि दुसरा बाहुला घेतला. त्याच्या साटिनखालून निळ्या रेघांचा सदरा निघाला. विरलेली कॉलर सरांनी लगेच ओळखली. ते खाली बसले.

त्याचाही कापूस ओढून काढून मी आत हात घातला. बाहुल्याचे दोन्ही हात सरळ त्याच्या डोळ्यांपर्यंत गेले. तसाच तो मी सरांसमोर धरला.

"बघा," मी म्हटलं, "पुसता येतात अजून."