बादली शेजारीच होती

“थर्ड डिग्री बर्न हाय मावशी,” डॉक्टरीणबाई म्हणाल्या. म्हणजे कातडी पार मुळापर्यंत जळालेली, आता ती आपली आपण येणार नाही. मग मालकांच्या हातावरचा पांढरा थर बघून त्यांनी विचारलं, “हे काय फासलंय?”

“चुना,” मी म्हणाले.

आमचे मालक कळंब्याजवळच्या गुऱ्हाळावर गुळव्या. काहिलीतला उकळता पाक बादलीतल्या पाण्यात थोडा सोडायचा, बोटांत त्याची गोळी वळायची आणि गूळ झाला का ते सांगायचं, हे त्यांचं काम. तसली एखादी गोळी घरी आणून मलाही दाबायला लावायचे. त्या दिवशी पाय घसरला आणि उजव्या हाताचा पंजा पाकात गेला. पाणी लावलं की फोड येतात म्हणून सगळ्यांनी चुना फासला. अहो, बादली शेजारीच होती की! जन्मभर पाक गार केला त्यात, आणि हात बुडवायचं एकालाही सुचू नये? असा संताप आला मला!

पहिलं ऑपरेशन डिब्राइडमेंटचं, म्हणजे मेलेली कातडी काढून टाकायची. दुसरं स्किन ग्राफ्टचं. मांडीवरचा पातळ थर काढतात, त्याला जाळीसारखी भोकं पाडून हातावर बसवतात. बाहेर बाकावर माझ्या मनात एकच घोळत होतं. ही बोटं पुन्हा पाक ओळखतील का?

तुमच्या माणसावर ही वेळ आली तर सांगते, हातापेक्षा मांडीच जास्त ठणकते, घाबरू नका. पट्टी उघडून बघायची घाई करू नका. आमचे मालक तशातही शेजारच्या खाटेवरच्या पावण्यांना हसवत होते, “मांडीची कातडी हाताला आली, आता मांडीनं जेवायचं व्हय?”

कातडी धरली. फिजिओथेरपी म्हणजे बोटांचा व्यायाम. त्यात ते ओरडायचे आणि मी त्यांच्याहून मोठ्यानं. हळूहळू मूठ वळली.

यंदा गुऱ्हाळ लागलं. मालकांनी गोळी वळली. पुन्हा वळली. तोंड पडलं त्यांचं. “बोटांस्नी कळंना गं,” म्हणाले. नव्या कातडीला जाण कमी असते, हे बाईंनी आधीच सांगितलं होतं.

मग त्यांनी ती गोळी माझ्या तळहातावर ठेवली. “तू बघ की. झालाय का?”

सगळे गडी माझ्याकडं बघत उभे. मी गोळी दाबली. घरी दाबायचे तशीच लागली.

“झालाय,” मी म्हणाले. “उतरवा काहील.”

डॉक्टरीणबाईंनी राखलेला तो उजवा हात वर करून मालकांनी गड्यांना हाळी दिली.